पहिल्याच दिवशी पिल्लू उचलून आणू नकोस

भटक्या कुत्र्यांसाठी आमच्यासोबत काम करायचा तुझा उत्साह कळतो, पण आपल्याकडे निवारा म्हणजे चार-पाच जणांची घरं. जागा नेहमी भरलेली असते, म्हणून सर्वांत जास्त गरज असते ती तात्पुरतं घर देणाऱ्यांची. दोन-तीन आठवडे एक पिल्लू सांभाळलंस तरी आमची एक जागा मोकळी होते. फक्त नवं पिल्लू घरातल्या कुत्र्यात लगेच सोडू नकोस. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य आजाराचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि फिनाइलनं हटत नाही, ब्लीच लागतं. हे मी एक पिल्लू गमावून शिकले.

काम सुरू करण्याआधी स्वतः रेबीजची लस घे. तरी कुत्रं चावलं तर जखम धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावंच लागतं.

कानाला खाच दिसली की त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला साधारणपणे उचललं तिथंच परत सोडतात, त्यामुळे 'घेऊन जा हो' म्हणणाऱ्या सोसायटीशी वाद ठरलेलाच.

पैसे द्यायचे तर थेट डॉक्टरांच्या बिलावर भर. जुन्या चादरी, वर्तमानपत्रं चालतात. बिस्किटं मात्र नकोत, ती आधीच ढिगानं येतात! गाडी असेल तर रात्री दवाखान्यापर्यंत पोचवायला ये, तेव्हा कुणीच फोन उचलत नाही.