तापमान वाढतंय ते सूर्यामुळे नाही कशावरून?

सूर्यामुळे नाही, कारण तसं असतं तर वातावरणाचा खालचा थर आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि स्थितांबर थंड होतंय. कार्बन डायऑक्साइड वाढला की नेमकं असंच होतं: खाली तो उष्णता अडवून धरतो, वरच्या विरळ हवेतून मात्र ती अवकाशात सोडतो. शिवाय १९७८ पासून उपग्रह सूर्याकडून येणारी ऊर्जा मोजताहेत. साधारण ११ वर्षांच्या चक्रात ती किंचित वरखाली होते, चढता कल काही दिसत नाही. यावर 'मग हा कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखींचा असेल' हे वाक्य हमखास येतं. तेही टिकत नाही. वनस्पती कार्बन-१३ हे समस्थानिक, म्हणजे कार्बनचाच जरा जड प्रकार, जरा कमीच घेतात, त्यामुळे जुन्या जीवांपासून बनलेल्या कोळशात आणि तेलातही ते कमी असतं. ते जाळल्यामुळे हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घसरत चाललंय, आणि ज्वालामुखींच्या वायूने ते असं घसरलं नसतं. औद्योगिक क्रांतीच्या आधीपासून आजवर हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे २८० वरून ४२० च्या पुढे गेलाय. सूर्याचा वाटा कायमच शून्य होता असं मात्र नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या तापमानवाढीत त्याचा थोडा हात होता. गेल्या पन्नासेक वर्षांच्या वाढीचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही, एवढंच. कोळसा किती लवकर बंद करायचा आणि खर्च कोणी उचलायचा, यावर खुशाल भांडा; तो वाद खरा आहे.