गव्हाला तीनच पाणी असतील तर

प्रश्न : विहिरीचे पाणी गव्हाला तीनच वेळा पुरेल. ते केव्हा द्यावे आणि तुषार सिंचनाने बचत होईल का?

उत्तर : पहिले पाणी पेरणीनंतर २० ते २२ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना द्यावे, रोप हलकेच उपटून पाहिल्यास जमिनीलगतच्या पेऱ्यातून पांढरी, जाडसर मुळे निघालेली दिसतात, आणि याच वेळी पाण्याचा ताण बसला तर फुटवे (बुंध्यातून निघणारे बाजूचे कोंब) कमी राहून ओंब्यांची संख्या घटते, जी पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. दुसरे पाणी ४० ते ४२ दिवसांनी, कांडी धरताना (खोडाला पेरी सुटताना), आणि तिसरे ६० ते ६५ दिवसांनी, फुलोऱ्यात द्यावे. जमीन हलकी असल्यास मात्र तीन पाण्यांवर भागणे कठीण आहे.

तुषार सिंचनाने बचत निश्चित होते, कारण मोकाट पद्धतीत, म्हणजे पाटाने पाणी सोडताना, साऱ्याच्या (वरंब्यांमधल्या लांब पट्ट्याच्या) तोंडाशी पाणी मुळांखाली झिरपून वाया जाते, तर शेवटच्या टोकाला ते अपुरे पडते. तुषार संच नसेल तर रान समतल करून सारे आखूड पाडावेत. आमच्या मते हा उपाय स्वस्त असूनही उपेक्षित आहे. ओंब्या भरल्यावर वारा असताना पाणी देऊ नये, पीक लोळते.