नाशिकच्या शरणपूर रोडवरचं जुनं चर्च लूथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचं) आहे का? तिथली मंडळी मुळात कुठून आली?

नाही, लूथरन नाही. संत आंद्रिया देवालय हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे आमच्या बोलण्यातलं सीएनआयचं. त्याआधी ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं होतं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झालं, त्या सहांत लूथरन नव्हते. नाशिक रोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते ते देवस्थान कॅथलिकांचं. बाहेरगावच्या लोकांची या दोन्हींत नेहमी गल्लत होते, म्हणून आधीच सांगितलं.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा आहे. मी याच मंडळीतला, आमच्या घरातले आजोबांपासूनचे बाप्तिस्मे इथलेच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या अँग्लिकन संस्थेचं काम 1832 ला सुरू झालं. सुरुवातीच्या मिशनऱ्यांत फरार नावाचे एक पाद्री होते. (दुसऱ्या महायुद्धातले सेनापती माँटगोमेरी हे या फरारांचे पणतू, त्यांच्या आईकडून.) तो काळ डोळ्यांसमोर आणा. गोदाघाट, रामकुंड, शास्त्री-पंडितांचं गाव. अशा ठिकाणी कुणी बाप्तिस्मा घेतला की त्याचं घर सुटायचं, विहीर सुटायची, वडिलोपार्जित धंदा सुटायचा. त्यामुळे अशा माणसांनी राहायचं कुठे आणि खायचं काय, हा प्रश्न अगदी रोजचा होता. त्यातून 1854 ला विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने गावाबाहेर पश्चिमेला एक वस्ती वसवली आणि तिचं नाव पडलं शरणपूर. आज कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला थांबलेल्या माणसाला ते फक्त रस्त्याचं नाव वाटतं. पण शरण आलेल्यांचं गाव हा त्याचा सरळ अर्थ, आणि तो पुढे अक्षरशः खरा झाला.

त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अरबी गलबतांतून गुलाम नेले जायचे. ब्रिटिश आरमार ती गलबतं अडवायचं आणि सुटका झालेल्यांपैकी पुष्कळ जण मुंबईत उतरवले जायचे. त्यांत लहान मुलं खूप. आईबाप कुठे ते माहीत नाही, परत पाठवलं तर पुन्हा पकडली जाणार. 1860 च्या सुमारास या मुलांसाठी शरणपुरात आश्रम सुरू झाला. तिथे त्यांना लिहावाचायला शिकवायचे, शिवाय सुतारकी, लोहारकी असे हातचे धंदे. म्हणजे आमच्या मंडळीच्या सुरुवातीच्या रविवारी बाकांवर नाशिक जिल्ह्यातली घरं सोडलेली माणसं आणि हजारो मैलांवरून आलेली आफ्रिकी लेकरं एकत्र बसत होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आजीच्या गीतपुस्तकाला तिने जुन्या लुगड्याचं कव्हर शिवलेलं होतं. ते मांडीवर ठेवून ती म्हणाली, "आपल्या आधी इथं ती पोरं गात होती." त्या दिवसापासून त्या देवालयात मी मोकळ्या मनाने बसूच शकलो नाही, सारखं वाटायचं आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय.

आफ्रिकेत शोधमोहिमा करणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1866 ला तो शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने या आश्रमातले नऊ तरुण बरोबर घेतले. इंग्रजी पुस्तकांत ते 'नासिक बॉईज' म्हणून येतात. पुढे 1872 ला मदतीच्या तुकडीतून आणखी काही जण त्याच्यापर्यंत पोहोचले, त्यांत जेकब वेनराइट हा एक. 1 मे 1873 ला आजच्या झांबियातल्या चितांबो गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय तिथल्याच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच, कारण त्याला लिहिता-वाचता उत्तम येत होतं. ते शिक्षण त्याला मिळालं होतं शरणपुरात. मग लिव्हिंगस्टनचे जुने आफ्रिकी सोबती सुझी आणि चुमा, जेकब आणि इतरांनी मिळून तो देह वाळवून, गुंडाळून, जवळजवळ नऊ महिने जंगलातून चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. जेकब देहाबरोबर इंग्लंडला गेला. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. गुलाम म्हणून विकलेला, नाशकात वाढलेला एक मुलगा! नाशिकच्या इतिहासावर व्याख्यानं होतात तेव्हा या मुलाचं नाव कुणीच घेत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तो आमच्या मंडळीचा होता तितकाच या शहराचाही होता.

आता लूथरन धाग्याबद्दल, कारण तुमच्या शंकेत थोडं तथ्य आहे. या इंग्लिश सोसायटीला सुरुवातीला पुरेसे इंग्लिश मिशनरी मिळत नव्हते, म्हणून ती स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या मिशनरी विद्यालयात तयार झालेली जर्मन माणसं घ्यायची. मुंबईत या आफ्रिकी मुलांची सुरुवातीपासून काळजी घेणारे इझेनबर्ग हे त्यांतलेच. आधी ते ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात होते, अम्हारिक भाषेचा शब्दकोश त्यांनी केला होता. 1864 ला त्यांच्या हाताखाली शिकलेले काही आफ्रिकी तरुण आजच्या केनियातल्या मोम्बासाजवळ रबईला योहान्नेस रेबमान या मिशनऱ्याकडे गेले. रेबमान जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचे, लूथरन घरातले. किलिमांजारोचं बर्फ पाहणारे पहिले युरोपीय ते हेच. म्हणजे पाटी अँग्लिकन असली तरी शिकवणाऱ्यांचं वळण बरंचसं जर्मन होतं.

1874-75 च्या सुमारास प्राइस स्वतःच मोम्बासाला गेले. तिथे सुटका झालेल्यांसाठी फ्रीअरटाउन वसलं. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचं नाव त्याला दिलं. नाशकातले बरेच आफ्रिकी तिकडे गेले आणि इथला आश्रम बंद झाला. उरली ती मराठी मंडळी. तिची पुढची वाढ सावकाश झाली. 1929 ला मुंबईपासून वेगळा नाशिक धर्मप्रांत झाला, फिलिप लॉइड पहिले बिशप. स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक याच परिसरातल्या, जन्म जलालपूरचा. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांची भजनं आजही आमच्या उपासनेत टाळ-तबल्यावर गायली जातात, आणि मला विचाराल तर पेटीवरच्या इंग्रजी चालींपेक्षा मंडळीचा आवाज तिथेच खरा चढतो.

फ्रीअरटाउनमध्ये धोक्याची सूचना द्यायला एक घंटा बांधली होती, गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवायची. तो घंटामनोरा मोम्बासात अजून उभा आहे आणि त्या चौकाला लोक केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. लहानपणी मला घंटेचा दोर ओढायला मिळायचा. दोर जाड, हातात खरखरीत, आणि पहिल्या झटक्याला घंटा वाजतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला लय सापडते. अलीकडे कधी रविवारी घंटा ऐकली की मला तो दुसरा चौक आठवतो.

तुम्ही नाशकात असाल तर रविवारी सकाळी उपासनेला या. उपासना मराठीत असते, कुणीही मागे येऊन बसू शकतं.