एसजीपीटी नॉर्मल असताना शस्त्रक्रियेपूर्वी यकृताच्या आणखी तपासण्या कशासाठी?

फोंड्याला राहणाऱ्या आपल्या वडिलांची पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया ठरलेली असताना आणि एसजीओटी, एसजीपीटी या यकृताच्या रक्तचाचण्या मर्यादेत असताना भूलतज्ज्ञांनी फिटनेस न देता आणखी तपासण्या लिहून दिल्या, हा वेळकाढूपणा तर नव्हे, असे आपण विचारले आहे. मी गोव्यातच भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सही केली नसती.

यकृताच्या पेशींना इजा झाली की एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन विकरे (एन्झाइम) रक्तात उतरतात. ती वाढलेली नाहीत म्हणजे सध्या मोठी इजा चालू नाही, एवढेच. यकृताची ताकद किती उरली आहे, हे त्यांवरून कळत नाही. सिऱ्हॉसिसने (व्रण साचून यकृत कडक होण्याच्या आजाराने) आक्रसलेल्या यकृतात इजा व्हायला पेशीच कमी उरतात, त्यामुळे हे आकडे अगदी निर्धास्त करणारे दिसू शकतात.

आपण दिलेल्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे पित्तद्रव्य) २.४, अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन) ३.१, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) १.४, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या कणिका) ८२ हजार आणि सोनोग्राफीत पोटात थोडे पाणी आहे. यकृत किती निकामी झाले आहे हे ए, बी, सी वर्गांत मोजणाऱ्या चाइल्ड-प्यू गुणांकनात पहिल्या दोहोंचे प्रत्येकी २, आयएनआरचा १, पाण्याचे २ आणि गुंगी वा भ्रम नसल्याचा १, असे ८ गुण, म्हणजे वर्ग बी होतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दगावण्याचे प्रमाण जुन्या अभ्यासांत ए वर्गात सुमारे १० टक्के, बी वर्गात ३० आणि सी वर्गात ७० ते ८० टक्के आढळले होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आज ते कमी आहे, पण चढण तीच. प्लेटलेट या गुणांकनात येत नाहीत, तरी मला त्याच अधिक खटकतात, कारण त्या एवढ्या खाली आणि पोटात पाणी, असे एकत्र दिसले की पोर्टल शिरेतील (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील) दाब वाढल्याची शंका येते, आणि मग पित्ताशयाभोवतीच्या फुगलेल्या शिरांतून होणारा रक्तस्राव आवरणे कठीण जाते.

यात एक पेच आहे. खडा पित्तनलिकेत अडकला असेल तर त्यानेही बिलिरुबिन वाढते, आणि पित्त आतड्यात न पोचल्याने व्हिटॅमिन के शोषले न जाऊन आयएनआरही चढतो. तसे असेल तर वरचे ८ गुण यकृताच्या माथी उगाच मारल्यासारखे होतील. म्हणूनच एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), आणि व्हिटॅमिन केचे इंजेक्शन देऊन एक-दोन दिवसांनी पुन्हा आयएनआर. तो खाली आला तर दोष बहुधा अडथळ्याचा, न आला तर यकृताचा.

वडील दारू घेत असतील तर प्रमाण खरे सांगावे. आपल्याकडे ‘कधीतरी थोडीशी’ या उत्तरात रोज रात्रीची क्वार्टरही बसते! दारू अचानक सुटल्याने शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा भ्रम यकृत थकल्याने येणाऱ्या भ्रमासारखा दिसू शकतो, आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत.

दारू पूर्ण बंद ठेवून आणि औषधांनी पाणी उतरवून काही आठवड्यांनी हेच गुण सुधारू शकतात, म्हणून तातडी नसेल तर थांबण्यात नुकसान नाही. मात्र थंडी वाजून ताप आला आणि कावीळ वाढली, तर या तपासण्यांची वाट न पाहता त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आपत्कालीन विभागात न्यावे.