अशील, पक्षकार आणि तो 'ग्राहक'

प्रश्न असा आला आहे: वकील ज्याच्या वतीने उभा राहतो त्याला अशील म्हणावं की पक्षकार? हल्ली 'ग्राहक'ही ऐकू येतं, ते चालेल का? आणि ती बाई असेल तर?

ग्राहक तर मुळीच नाही. वकिलांच्या नावांपुढे चांदण्या लावून 'समाधानी ग्राहक' मिरवणारी संकेतस्थळं निघाली आणि हा शब्द बोकाळला. (वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. अशा संकेतस्थळांवर कारवाई करा, असं मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलला बजावलं, तेव्हा कुठे थोडी धावपळ झाली.) भाषेचं राहू द्या, कायद्यालाही हा ग्राहक मंजूर नाही. वकिलाने कामात कसूर केली म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येईल, असं राष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये म्हटलं होतं. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करण्याची वाट आहेच, पण ग्राहक कायद्याची नाही. त्यामागचं एक कारण फार सुंदर आहे: वकिलाच्या कामावर त्याला नेमणाऱ्याचा थेट ताबा असतो. वकील हा प्रतिनिधी. मूळ माणसाने स्पष्ट सांगितल्याशिवाय तो परस्पर तडजोडही करू शकत नाही.

मूळ माणूस! 'अशील' या शब्दाचा अर्थ नेमका हाच.

अरबीत 'अस्ल' म्हणजे मूळ, बुंधा. त्यापासून 'असील': मूळचा, अस्सल. आपला 'अस्सल' त्याच घरातला, झुंजीचा असील कोंबडाही त्याच घरातला आणि हिंदीतला 'उसूल' हे 'अस्ल'चंच अनेकवचन. ('वसूल'ला मात्र या पंगतीत बसवू नका. त्याचं कूळ वेगळं.) व्यवहारात असील म्हणजे मुख्य इसम आणि वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. सोपवणारा आणि सोपवलेला, अशी ही जोडी आहे. मराठी नोटिशीची सुरुवात आठवा: 'आमचे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून व अधिकारावरून आपणांस ही नोटीस देण्यात येते की...' माहिती त्याची, अधिकारही त्याचाच. सही तेवढी वकिलाची.

आता शुद्धलेखनवाल्यांकडे वळतो. 'अशील म्हणजे शील नसलेला, म्हणून हा शब्द अपमानकारक आहे, तो टाकून पक्षकार वापरा' असा उपदेश करणारे पंडित अधूनमधून भेटतात. संस्कृतचा चष्मा लावून बाजारात हिंडलं की असंच व्हायचं. मराठीत इ-ईच्या आधीच्या 'स'चा 'श' होतो, हे साधं आहे: नसीबचं नशीब, सिक्क्याचा शिक्का, सिपाहीचा शिपाई, हासिलचं हशील. तसाच असीलचा अशील. शिवाय हा शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असता तर 'अशीलाला' लिहावं लागलं असतं. आपण 'वकिलाला'सारखं 'अशिलाला' लिहितो, आणि तेच बरोबर आहे. अशा पंडितांशी वाद घालून काय हशील?

मला खरा छळणारा प्रश्न निराळा आहे. हिंदीने 'मुवक्किल' घेतला, म्हणजे 'वकील नेमणारा'. तो वकिलाच्याच धातूतून निघालेला. मराठीने तो सोडून अशील का धरला? माझा तर्क असा की आपल्याकडे वकील कचेरीत येण्याआधी दरबारात होता. पेशव्यांचे वकील दिल्लीला असत, हैदराबादला निजामाकडे असत. ते राजदूत होते, दावे लढवणारे नव्हेत. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी बादशहाकडून मिळवलेलं पदही 'वकील-ए-मुतलक'च. दूत बोलतो तेव्हा पहिला सवाल एकच: तू कुणाचा, तुझ्यामागे मूळ धनी कोण? त्या मूळ धन्यावर भर देणारा शब्द मराठीला जवळचा वाटला असणार. यावर कुणी म्हणेल, गुजरातीतही 'असील'च आहे, तिथे कुठे पेशवे? अहो, बडोद्याला गायकवाड होते आणि कोर्टं मुंबई इलाख्याची होती! हा तर्क सोडायची माझी तयारी नाही.

हां, पक्षकार. दाव्यात ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण पक्षकार. वादी पक्षकार, प्रतिवादीही पक्षकार, समोरच्या वकिलाचा माणूसही पक्षकार. अशील नेहमी कुणा तरी वकिलाचा असतो. दावा दाखल झाला नसेल, नुसतं मृत्युपत्र करून घ्यायचं असेल, तरी तुम्ही वकिलाचे अशील असता, पक्षकार नसता. 'माझे पक्षकार' असं वकील सर्रास म्हणतात. ते चूक म्हणता येणार नाही, ढिलं आहे इतकंच. 'आरोपीचे अशील म्हणाले' असं वकिलाबद्दल लिहिणाऱ्या वार्ताहराला मात्र माफी नाही.

बाईसाठी वेगळं रूप नाही. वकील जसा दोघांना चालतो, तसाच अशील: 'माझ्या अशील आज हजर आहेत.' 'अशिलीण' वगैरे करू नका.