फुगलेले डबे सोडा, बाकीच्या मालासाठी भांडा

प्रश्न: मी डबाबंद खाद्यपदार्थांचा घाऊक विक्रेता आहे. तपासणीत 11 डबे फुगलेले निघाले आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी सगळी 60 खोकी जप्त केली. आता माल नष्ट करणार, असं तोंडी सांगतात. कोर्टाच्या हुकमाशिवाय हे चालतं का? भरपाई मिळेल?

उत्तर: आधी कडू ते सांगतो. त्या 11 डब्यांसाठी भांडू नका. झाकण दाबलं की टक्कन पुन्हा वर येतं, म्हणजे आत वायू धरलाय. त्यात बोट्युलिझमचं (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचं) विष असू शकतं, आणि ते वासावरून कळेलच असं नाही. अशा मालाची भरपाई सरकारकडून मिळेल ही आशा सोडा.

उरलेल्या डब्यांचं वेगळं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 38 खाली अधिकारी कोर्टात न जाताही जप्त माल नष्ट करू शकतात. पण माल नाशवंत हवा, खाण्यालायक राहिला नाही इतका बिघडलेला हवा आणि तुम्हाला लेखी नोटीस हवी. तोंडी निरोप ही नोटीस नव्हे. शिवाय धड सीलबंद डबा नाशवंत कसा? हेच मुद्दे मांडून पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचे वरिष्ठ) आजच लेखी हरकत द्या, पोच घ्या.

खरी अडचण कलम 26 ची. बॅचमधला काही माल असुरक्षित निघाला की अख्खी बॅच असुरक्षित धरली जाते, सखोल तपासणीत उरलेला माल ठीक ठरेपर्यंत. म्हणून पंचनामा काढून बघा. नुसतंच ‘60 खोकी’ लिहिलंय? मग फुगलेले डबे कोणत्या बॅचमधले ते कळायला अधिकाऱ्यांसमोर बॅचवार यादी करून मागा. स्वतः सील तोडून डब्यांवर छापलेले बॅच क्रमांक बघायला जाऊ नका. जप्त मालाशी छेडछाड हा कलम 60 खाली वेगळा गुन्हा आहे, आणि उत्साही अशील नेमकं हेच करून बसतात.

अधिकारी तपासणीसाठी घेतात त्या नमुन्याचे चार भाग होतात. चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्ही केली होती का? नसेल तर नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाच्या अहवालाची वाट बघा. त्याला 14 दिवसांची मुदत असते. अहवाल विरुद्ध गेला तर प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं.

विनाकारण जप्तीबद्दल अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. 11 फुगलेले डबे समोर असताना त्या वाटेला जाऊ नका. पैसे मागायचे ते पुरवठादाराकडे. त्याचं बिल हीच मालाच्या दर्जाची हमी, असं कायदा मानतो. ते बिल शोधून ठेवा.