उत्तर: आईला डल्कामारा दिलंय, वनस्पती विषारी आहे म्हणतात. बंद करू का?

पावसाळा लागला की आईंचे सांधे धरतात, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी डल्कामारा ३० (डल्कामारा नावाच्या झाडापासून केलेलं औषध) दिलंय आणि नेटवर वाचून तुम्ही घाबरलात. आमच्या सासूबाईंचं हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही.

३० च्या गोळ्यांनी विषबाधा होणार नाही. एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेलं असतं. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ झाडाचा रेणूही उरण्याची शक्यता जवळपास संपते. माझ्या मते मग औषधही उरत नाही, पण ज्यांना गुण येतो त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मदर टिंक्चर (बाटलीवर क्यू असतो) मात्र वेगळं. त्यात झाडाचा खरा अर्क असतो, सोलानिनसारखी विषारी द्रव्यं असतात, शिवाय अल्कोहोल. ते मनाने घेऊ नका. डल्कामारासारख्याच बटाटा-वांग्याच्या कुळातल्या बेलाडोना या विषारी झाडाचं प्रमाण लहान मुलांच्या दातांच्या होमिओपॅथिक गोळ्यांत जास्त सापडल्याचं अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये जाहीर केलं होतं.

आमचा खरा घात केला तो एका दवाखान्याने. नाव लिहीत नाही. छोटी प्लास्टिकची बाटली, वर पेनाने "सकाळी ४, रात्री ४", बास. कोणतं औषध विचारलं की "तुम्हाला कळून काय करायचंय, विश्वास ठेवा". ओल्या गार हवेत दुखणं वाढतं म्हणजे डल्कामारा, हे त्यांच्या शास्त्राला धरून असेलही. पण पाऊस सरला तरी सासूबाईंना सकाळी ब्लाउजचे हूक लावता येईनात, बोटं सुजलेली, तेव्हा तरी रक्त तपासायला सांगायचं! उलट "औषध आधी त्रास उसळवतं" असं सांगून बाटली बदलून दिली. तो आमवात निघाला, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. तोवर बोटं वाकडी झाली होती, ती आता सरळ होत नाहीत. याचा राग अजून जात नाही.

पुढे आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी सुरू करताना तज्ज्ञांनी आधीच्या औषधांची चौकशी केली, कारण त्या गोळीवर लिव्हरकडे लक्ष ठेवावं लागतं. दवाखान्यात फोन केला तर डल्कामारा एवढंच कळलं. पोटन्सी, म्हणजे ३० की क्यू, किती पातळ केलंय ते, शेवटपर्यंत सांगितली नाही. म्हणून आजच नाव आणि पोटन्सी कागदावर लिहून घ्या. देत नसतील तर दवाखाना बदला, यावर मी ठाम आहे.

आणि कोणी डल्कामाराच्या झाडाला "आपली कामोणीच ती" (कामोणी हे आपल्याकडचं रानटी झुडूप) म्हणालं तर ऐकू नका. कामोणीची फळं पिकली की बहुधा काळी होतात, डल्कामाराची लालभडक.

गोळ्या बंद करा की नका करू, आईंची बोटं सकाळी उठल्यावर अर्ध्या-एक तासाहून जास्त आखडलेली राहत असतील तर संधिवाततज्ज्ञ गाठा. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर या रक्ताच्या तपासण्या सांगतील. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आमवात असू शकतो, त्यामुळे अँटी-सीसीपी या रक्ततपासणीबद्दलही विचारा.